आधी मिनिटं मोजा, मग प्रश्न ठरवा : आंग्रिया बँकेच्या बोट-मुक्कामाचा हिशोब

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाईड मॅडमसमोर एक झकास तक्ता ठेवला. आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ, ८ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ६ ट्रान्सेक्ट, एकूण ४८. (ट्रान्सेक्ट म्हणजे तळावर टेप अंथरून तिच्या कडेने केलेली मोजणी.) मॅडमनी तक्ता बघितला आणि एकच विचारलं, "तळावर मिनिटं किती मिळणार?"

मला उत्तर आलं नाही. ही पोस्ट त्या उत्तराबद्दल आहे. तुमचा विषय समुद्र नसला तरी वाचा, कारण फील्डवर्क कुठलंही असो, कुठली तरी एक गोष्ट तिथे सगळ्यात आधी संपते. ती ओळखल्याशिवाय केलेला आराखडा कागदावरच छान दिसतो.

बोटीवरच का राहायचं?

आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. विजयदुर्गपासून पश्चिमेला १०० किलोमीटरहून जास्त आत, साधारण ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. पाण्याबाहेर काहीच नाही, म्हणजे तंबू ठोकायलाही जागा नाही. बोट ताशी ८ नॉट, म्हणजे १५ किलोमीटरच्या आसपास चालते असं धरलं तर एका बाजूला सात तास लागतात. मालवणसारखं सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येणं इथे जमत नाही. खाणं, झोपणं, सिलिंडर भरणं, सगळं बोटीवर. यालाच लिव्हअबोर्ड म्हणतात.

मिनिटांचा हिशोब

आमच्या मलकापुरात घरोघरी नळाला मीटर आहेत. पाणी चोवीस तास असतं, पण वापराल तसं बिल येतं. सिलिंडरमधली हवा तशीच आहे. फरक एवढाच, की खोल जाल तसा मीटर जोरात फिरतो.

दर १० मीटरला दाब १ वातावरणाने वाढतो. २५ मीटरवर तो साडेतीन होतो. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर तिथे ७० लिटर लागते. आता गणित करा:

- १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार : २४०० लिटर
- ५० बार कायम राखीव : वजा ६००
- खाली उतरायला २ मिनिटं : वजा ९० च्या आसपास
- सावकाश वर येणं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं : वजा २२५ च्या आसपास
- उरले साधारण १४८५. भागिले ७० : २१ मिनिटं

दुसरी मर्यादा नायट्रोजनची. दाबाखाली तो अंगात विरघळतो. जास्त वेळ राहून सरळ वर आलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि डीकम्प्रेशन सिकनेस होऊ शकतो. नेहमीच्या मनोरंजक डाईव्हिंगच्या एका प्रचलित तक्त्यात २५ मीटरसाठी पहिल्या डाईव्हला २९ मिनिटं आहेत. म्हणजे आपल्या बाबतीत हवा आधी संपते.

इथे थांबून विचार करा. "नायट्रॉक्स घेऊ, वेळ वाढेल," असं मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं होतं. नायट्रॉक्सने नायट्रोजनची मर्यादा सैल होते, सिलिंडरमधली हवा वाढत नाही. सुरक्षिततेला थोडी जास्त जागा मिळते, हे खरं. पण मिनिटं वाढवायची तर मोठा सिलिंडर घ्यावा लागेल, किंवा शांतपणे श्वास घ्यायला शिकावं लागेल. कुठली मर्यादा आधी लागते ते न शोधता उपाय केला की पैसे चुकीच्या जागी जातात.

मग ट्रान्सेक्ट किती?

टेप अंथरणं, मासे मोजणं, फोटो, टेप गुंडाळणं. कागदावर मी १५ मिनिटं धरली होती. मालवणला ८ मीटरवर सराव केला तेव्हा २६ लागली. टेप खडकात अडकली, पाटी हातातून सुटली, आणि माझा जोडीदार खुणा करून दमला. ती फजिती २५ मीटरवर झाली असती तर? म्हणून पायलट हवाच. आठ-दहा सरावांनंतर आम्ही १६ वर आलो. म्हणजे एका जोडीचा एका डाईव्हला एकच ट्रान्सेक्ट. आणि जोडीचा हिशोब नेहमी जास्त हवा ओढणाऱ्यावरून करायचा. आमच्यात ती मीच.

दिवसाला ३ डाईव्ह, दोन जोड्या : ६ ट्रान्सेक्ट. पहिला दिवस सामान तपासणी आणि एका साध्या डाईव्हचा, पाचवा हवामानासाठी राखीव. कामाचे दिवस ३. एकूण १८.

४८ चे १८ झाले. मी रडकुंडीला आले होते. मॅडम म्हणाल्या, "अगं, एकाच ठिकाणचे सहा ट्रान्सेक्ट म्हणजे सहा स्वतंत्र नमुने नव्हेत. शेजारीच टाकलेले ते." खरंच होतं. माझा प्रश्न बँकेच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा होता, त्यासाठी ठिकाणं महत्त्वाची. दोन डाईव्हमध्ये नायट्रोजन उतरायला वर थांबावंच लागतं. तेवढ्यात बोट पुढच्या ठिकाणी नेता येते. म्हणजे ९ डाईव्ह, ९ ठिकाणं, प्रत्येकी २ ट्रान्सेक्ट. ट्रान्सेक्ट घटले, पण ठिकाणं ८ ची ९ झाली. अभ्यास आधीपेक्षा भक्कम झाला.

परतीचा घाट

आपल्याकडच्या लोकांना हे सांगायलाच हवं. अनेक डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबा, असा सर्वमान्य सल्ला आहे. आपण तर गाडीने जाणार, मग काय? पण विजयदुर्गहून कराडला यायचं म्हणजे फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढायचा आणि साडेपाचशे मीटरच्या वर राहायचं. डाईव्हिंगमध्ये ३०० मीटरपासूनच उंचीचा विचार सुरू होतो. म्हणून राखीव दिवस वापरावा लागला तरी त्या दिवशी दुपारी बारानंतर डाईव्ह नाही. संध्याकाळी बोट निघेल, सकाळी बंदर, आणि घाट दुपारनंतर. आईला "जेवायला येते" असं सांगून ठेवू नका.

निघण्याआधी

- पावसाळा पूर्ण वर्ज्य.
- प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय तुकडासुद्धा उचलायचा नाही. बँक १२ सागरी मैलांच्या बाहेर आहे, तेव्हा कुठली परवानगी कुठून, हे काही महिने आधी विचारा.
- जवळचा रिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे आणि आत्ता चालू आहे का, हे फोन करून विचारा. बोटीवर ऑक्सिजन हवाच. किनारा सात तास लांब आहे.
- वरचे सगळे आकडे आराखड्यासाठी. पाण्यात तुमचा डाईव्ह कॉम्प्युटर आणि प्रशिक्षक सांगतील तेच अंतिम.

आता तुमचा प्रस्ताव काढा. तुमच्या फील्डवर सगळ्यात आधी काय संपतं? शेतकऱ्याची मोकळी संध्याकाळ, लॅबमधल्या मशीनचा स्लॉट, दप्तरखान्याची वेळ? तो आकडा पहिल्या ओळीत लिहा. संशोधनाचा प्रश्न त्याच्या खाली.