नाव टाका, पदवी घ्या

सर जमशेटजी जीजीभाई म्हटले की जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आठवते. रत्नागिरीच्या जुन्या महारोग्यांच्या इस्पितळामागेही दिनशा माणेकजी पेटिट या मुंबईकर गिरणीमालकाचे दान होते. या घराण्यांचा पैसा कुठून आला, चीनच्या अफूचा त्यात वाटा किती आणि गिरण्यांचा किती, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला कित्येक वर्षे ओढ आहे ती एका बाजूला पडलेल्या प्रश्नाची. ब्रिटिश राजसत्तेने या घराण्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी दिली, पण ती पिढ्यान्‌पिढ्या चालवायची कशी? कागद पाहत गेल्यावर माझे मत पक्के झाले की ही पदवी रक्ताच्या जोरावर चाललीच नाही. ती कायद्याने चालवावी लागली, आणि त्यासाठी वारसाला स्वतःचे नावही सोडावे लागले.

साधा ‘सर’ माणसाबरोबर संपतो. बॅरोनेटची पदवी मात्र थोरल्या मुलाकडे जाते. पहिल्या जेम्स राजाने १६११ साली तिजोरी भरण्यासाठी ही पदवी काढली, तेव्हा त्याला वारशाची चिंता नव्हती. इंग्लंडात आडनाव ठरलेले होते आणि थोरल्याने जमीनजुमला घ्यावा हा रिवाज होता. मुंबईत यातले काहीच नव्हते. १८४२ साली ‘सर’ झालेल्या जमशेटजींना १८५७ साली बॅरोनेट करण्यात आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘जीजीभाई’ हे त्यांच्या वडिलांचे नाव. जुन्या पारशी चालीने पाहिले तर त्यांचा मुलगा कर्सेटजी जमशेटजी आणि नातू माणेकजी कर्सेटजी झाला असता. म्हणजे तिसऱ्या पिढीत ज्याच्या नावाने पदवी होती त्याचे नावच उरले नसते. इस्टेटीच्या वाटण्या झाल्या असत्या तर पदवीला शोभेल असा थाटही उरला नसता.

या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून १८६० साली खास या एका घराण्यासाठी कायदा झाला. तो नीट वाचण्यासारखा आहे. पदवीचा खर्च भागावा म्हणून पंचवीस लाख रुपयांचे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा विश्वस्तांच्या हवाली केला गेला. व्याज बॅरोनेटने खावे, मुद्दलाला हात लावू नये. त्याहून विलक्षण अट नावाची होती: जो कोणी गादीवर येईल त्याने आपले नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करावे. कर्सेटजी दुसरे जमशेटजी झाले. माणेकजी तिसरे झाले. ते १८९८ साली वारल्यावर त्यांचे भाऊ कावसजी चौथे जमशेटजी झाले. विसाव्या शतकातले रुस्तमजीही जमशेटजीच झाले. आडनाव सारखे असणारी घराणी जगभर आहेत. इथे अख्खे नावच आडनावासारखे वारशात उतरले.

कोकणातल्या वाचकाला यातले वेगळेपण चटकन कळेल, कारण वंशपरंपरागत हक्क म्हणजे काय हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने खोतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याच्या हक्कात, पाहिले आहे. खोती घराण्यात चाले, पण ती एकट्या थोरल्याची नसे. भावाभावांत तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत आणि अनेक गावांत तक्षिमदार पाळीपाळीने गावचा कारभार बघत. खोतीने कुळांवर जो जुलूम केला त्याचे समर्थन मी करत नाही. मुद्दा एवढाच की या मातीतला वारसा वाटून घेण्याचा होता. बॅरोनेटची पदवी वाटता येत नव्हती, म्हणून बाकीच्या भावांना बाजूला ठेवणारा कायदा वरून आणावा लागला.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी दिखाऊ झूल होती, तिला एवढे महत्त्व कशाला? नुसती झूल असती तर कायदेमंडळाने तिच्यासाठी पुन्हा पुन्हा वेळ घालवला नसता. पेटिट १८९० साली बॅरोनेट झाले आणि १८९३ साली त्यांच्यासाठीही कायदा झाला. १९०१ साली ते वारल्यावर नातू जीजीभाई फ्रामजी पेटिट हे ‘दिनशा माणेकजी पेटिट’ झाले. १९०८ साली कावसजी जहांगीर घराण्याला पदवी मिळाली, आणि मुंबईभर गाजलेले ‘रेडीमनी’ हे नाव पदवीत उरले नाही. १९१३ साली अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल रणछोडलाल पहिले हिंदू बॅरोनेट झाले. मिताक्षरा कायद्याप्रमाणे मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळतो, आणि इथे तर सगळे एकाच वारसाकडे जायचे होते. ती गाठही पुन्हा कायद्यानेच सोडवावी लागली.

दुसरा आक्षेप असा की या घराण्यांनी हे सारे खुशीने पत्करले, मग तक्रार कसली? खुशी होती हे खरेच. म्हणूनच कायद्याने घडवलेली ओळख किती सोयीने वापरता येते हेही पाहायला हवे. दुसऱ्या दिनशा पेटिटांनी चार खासगी कंपन्या काढून आपली गुंतवणूक त्यांच्या नावे केली. लाभांश आणि व्याज कंपन्यांकडे जमा होई आणि कर्ज म्हणून पुन्हा त्यांच्याच हाती येई. मुंबई हायकोर्टाने १९२७ साली हा बनाव मानला नाही. कंपनी म्हणजे खुद्द करदाताच, आणि ती फक्त वरकर (सुपर-टॅक्स) चुकवण्यासाठी उभी केली आहे, असा निकाल दिला. कंपनी कायदा शिकणारे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात. एका कायद्याने अनेक पिढ्यांना एक नाव दिले होते. दुसऱ्या कायद्याने एका माणसाची चार नावे ओळखून काढली.

दानाचे मोल याने कमी होत नाही. इस्पितळे उभी राहिली आणि लाखो माणसांच्या उपयोगी पडली. पण ते श्रेय दान देणाऱ्याचे आहे, पुढे त्याचे नाव लावणाऱ्या वारसांचे नव्हे. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने शासनाला पदव्या देण्याची मनाई केली, त्यामागचे तत्त्व मला हेच वाटते. आपल्याकडची खोतीही १९४९च्या कायद्याने गेली. गावोगावी घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. वतन, किताब किंवा मान यांची सनद हाती आली की तिच्यात रक्ताचा मोठेपणा शोधू नका. ती कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली आणि त्यात कोणाचा वाटा बुडाला, हे आधी वाचा.