एकदाच लिहिलेले बरे : 'बिल्ड स्क्रिप्ट' म्हणजे काय

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले आज नागपूर, पुणे, हैदराबाद, बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. दिवाळीला बालाघाटला आली तरी फोनवर 'बिल्ड फुटलं', 'स्क्रिप्ट साफ करायची राहिली' असे काहीतरी चालू असते. ही स्क्रिप्ट म्हणजे काय, आणि ती साफ करण्यात दिवसचे दिवस का जातात, हे आपण वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यायला हरकत नाही. ज्यांनी खतावण्या सांभाळल्या आहेत त्यांना तर ते चटकन कळेल.

प्रोग्रामर लिहितो तो मजकूर बहुतेक वेळा जसाच्या तसा चालत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचे, तुकडे जोडायचे, तपासायचे आणि तयार झालेला प्रोग्राम सर्व्हरवर चढवायचा, अशी कामे ठरलेल्या क्रमाने करावी लागतात. ती ज्या फाइलमध्ये लिहून ठेवतात ती बिल्ड स्क्रिप्ट.

याची सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली झाली. तिथल्या एका सहकाऱ्याने आपल्या प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त फाइलचे पुन्हा रूपांतर करायचे राहून गेले. सकाळभर तो बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला. ते ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन तयार केले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे त्यात लिहायचे. जे बदलले असेल तेवढेच 'मेक' पुन्हा बनवते. जवळपास ५० वर्षे झाली, ते अजून वापरात आहे.

पण यादी वाढत जाते. नवा भाग आला की मागच्या दहा ओळी उचलायच्या, खाली चिकटवायच्या आणि नाव बदलायचे. असे वीस वेळा झाले की एकच पत्ता वीस ठिकाणी लिहिलेला असतो. मग तो पत्ता बदलतो. एकोणीस ठिकाणी दुरुस्ती होते, विसावे राहते.

हा अनुभव आपल्यालाही आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. ज्यांची खाती तिथे होती त्यांनी तो कोड कुठे कुठे दिला होता ते आठवावे : भाडेकरूला, विमा कंपनीला, मुलाला, शेअर दलालाला. प्रत्येकाला वेगळे कळवावे लागले. तो एकाच ठिकाणी लिहून बाकीच्यांना 'तिथे बघा' असे सांगता आले असते तर? स्क्रिप्टमध्ये ही सोय असते, तिला व्हेरिएबल म्हणतात. वर एकदा किंमत लिहायची, खाली फक्त नाव वापरायचे.

दुसरी सोय नमुना-नियमाची, म्हणजे पॅटर्न रूलची. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट घ्या. देवनागरीसाठी मुक्ता, गुजरातीसाठी मुक्ता वाणी, गुरुमुखीसाठी मुक्ता माही आणि तमिळसाठी मुक्ता मलार, आणि प्रत्येकाच्या बारीक ते ठळक अशा ७ जाड्या. म्हणजे २८ फॉन्ट. समजा आपणच ते तयार करायला बसलो, तर मूळ आराखड्यापासून फॉन्ट फाइल बनवण्याचा आदेश २८ वेळा लिहायचा का? ग्नू मेकमध्ये एकच नियम पुरतो. त्यात नावाच्या जागी % हे चिन्ह घालतात. आम्हा बँकवाल्यांना ते दिसले की व्याजच आठवते, पण इथे त्याचा अर्थ 'जे नाव असेल ते'. तमिळनंतर उद्या आणखी एखादी लिपी आली तर यादीत फक्त नाव वाढते, नियम तोच राहतो.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. १ ऑगस्ट २०१२ च्या सौद्यांसाठी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीने नवा प्रोग्राम आपल्या ८ सर्व्हरवर चढवला होता. ते काम हाताने झाले आणि एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या माणसाने तपासलेही नव्हते; आपल्याकडे साध्या व्हाउचरलाही दुसरी सही लागते! बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना प्रोग्राम जागा झाला आणि भलतेच सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. सर्व्हरची नावे एका यादीत आणि चढवण्याची कृती एकदाच लिहिलेली असती, तर तो एकटा मागे राहण्याची शक्यता फार कमी होती.

तरी दिसायला सारखे ते सगळे एकत्र करावे असे मात्र नाही. बचत खात्याचा व्याजदर पूर्वी रिझर्व्ह बँक ठरवत असे आणि सर्व बँकांत तो सारखा असे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तो मोकळा झाला, तेव्हा ४ टक्के होता. दुसऱ्या दिवशीही बऱ्याच बँकांत ४ टक्केच राहिला असेल, पण आता ते आकडे फक्त योगायोगाने सारखे होते, कारण ठरवणारे वेगवेगळे झाले. अशा आकड्यांना एका नावाखाली बांधले की एका बँकेचा दर बदलताना दुसरीचाही बदलतो. म्हणून दोन ओळी एकाच कारणाने बदलणार असतील तरच त्या जोडाव्यात, असे आमचे मत आहे. पाच ओळी वाचवण्यासाठी कोणालाही न कळणारा गुंतागुंतीचा नियम लिहिण्यापेक्षा दोनदा लिहिलेले परवडले.

जुनी स्क्रिप्ट हाती घ्यायची झाली तर 'मेक'मध्ये एक फार चांगली सोय आहे, ड्राय रन. तीत आदेश प्रत्यक्ष चालत नाहीत, कोणते चालतील ते फक्त छापले जाते. दुरुस्तीच्या आधी सगळे नव्याने बनवायचे आहे असे धरून ती यादी काढून ठेवायची, दुरुस्तीनंतर तशीच पुन्हा काढायची आणि ट्रायल बॅलन्स जुळवतो तशा दोन्ही ओळीने जुळवायच्या. स्क्रिप्ट शंभर ओळींनी आखूड झाली आणि यादीत एकाही आदेशाचा फरक नाही, की काम बरोबर झाले. फरक निघालाच तर तो बहुधा जुन्याच स्क्रिप्टमध्ये राहून गेलेल्या त्या विसाव्या ठिकाणाचा असतो.