वैयक्तिक कार्बन पदचिन्ह : एक घरगुती हिशोब

व्यक्तीच्या दैनंदिन व्यवहारांतून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उत्सर्जित होणाऱ्या हरितगृह वायूंची गोळाबेरीज म्हणजे वैयक्तिक कार्बन पदचिन्ह होय. भारतात एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो, एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो, तर १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो.

महिन्याला १०० युनिट वीज, १० लिटर पेट्रोल व एक सिलिंडर वापरणाऱ्या कुटुंबाच्या या उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा विजेचा असतो. तिचा धूर घरात दिसत नाही; तो कोळशावरील औष्णिक केंद्रात निघतो. रोज दहा तास चालणाऱ्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा पंखा बसविल्यास महिन्याला सुमारे साडेतेरा युनिट वीज, अर्थात नऊ किलोहून अधिक उत्सर्जन टळते. म्हणून कपातीचा आरंभ वीजबिलाच्या वाचनापासून होणे उचित ठरते.