आधी पत्रा, मग पडदे

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा असतो, हे मला आमच्या मिस्त्रीदादांनी शिकवलं. कोलकात्यातल्या बेहालाच्या एका गल्लीत आम्ही एका पांढऱ्या मारुती इको व्हॅनपाशी उभे होतो. गाडी पॉलिश करून चकचकीत केलेली, सीटला नवी कव्हरं, आत अत्तराचा वास. विकणारा माणूस बोलायला गोड. मनातल्या मनात मी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. दादांनी मागच्या सीटचा पट्टा हातात घेतला आणि ओढत राहिले. वीतभर, हातभर, पार गुंडाळीच्या तळापर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती मातकट होती आणि तिच्यावर एक आडवी रेघ होती, चहाच्या कपात डाग राहतो तशी. "बौदी (वहिनी), ही गाडी पाण्यात उभी होती," दादा म्हणाले. "सीटच्या वरपर्यंत." विकणाऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. आम्ही निघालो.

मी मूळची अमरावतीची. सतरा वर्षं झाली कोलकात्यात. भवानीपूरला राहते, शाळेत गणित शिकवते. दुर्गापूजेच्या सुट्टीत घरी जायचं म्हटलं की हावडा ते बडनेरा तिकिटांची मारामार. आई आता थकली आहे, तिला इकडे आणायचं तर बसून होणारा प्रवास तिला झेपत नाही. मग एका रात्री नकाशा बघताना ध्यानात आलं की आमच्या दोन्ही घरांना एकच रस्ता जोडतो. जुना राष्ट्रीय महामार्ग ६ : धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर आणि कोलकाता. आता त्याचे क्रमांक बदलले, रस्ता तोच आहे. अंतर १,३०० किलोमीटरच्या आसपास. वाटेत आईला पाठ टेकता येईल अशी गाडी हवी. हाताशी होते तीन लाख रुपये.

गाडी घेतली हे कळल्यापासून हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात भेटणारी मंडळी मला एकच विचारतात : "जुनी कॅराव्हॅन घ्यायची तर सुरुवात कुठून करायची?" हा लेख त्यांच्यासाठी, आणि बेताच्या पैशात असं काही करावंसं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी.

परदेशात मोटारीमागे ओढायची चाकांवरची खोली जुन्या बाजारात सहज मिळते. आपल्याकडे तसा बाजारच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याच्या कॅराव्हॅनही दिसू लागल्या. पण विकत घ्यायची तर नवी तयार गाडी मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून इथे पहिली कॅराव्हॅन म्हणजे बहुतेक वेळा एक जुनी व्हॅन, जिच्यात झोपायची सोय करायची. पर्याय तीन. मारुतीची ओम्नी सगळ्यांत स्वस्त, पण तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं आणि तिचं ७९६ सीसीचं इंजिन लांबच्या घाटरस्त्यावर दमतं. इको २०१० पासून आहे, इंजिन जवळजवळ १,२०० सीसीचं, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, सुटे भाग गावोगाव. आणि टेम्पो ट्रॅव्हलर : आत उभं राहता येतं, पण ती बहुधा पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची असते. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर कोलकाता महानगर क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाड्यांवर बंदी आली. अशी गाडी स्वस्त दिसते ती त्यामुळेच. आम्ही इकोवर थांबलो, तीही पाच सीटची.

पैशांची वाटणी गाडी बघायला जाण्याआधी कागदावर करा. आमची अशी झाली : गाडी २,०५,०००, टायर आणि दुरुस्ती ५२,०००, विमा आणि नाव बदलणं १८,०००, आतली सोय २१,०००. उरले चार हजार. तीन लाख आहेत म्हणून तीन लाखांची गाडी घेणारा माणूस पहिल्या महिन्यात अडकतो, कारण जुनी गाडी दारात आल्या आल्या पैसे मागते. आणि आतली सोय या यादीत शेवटी आहे, ती शेवटीच राहू द्या. पडदा पुढच्या वर्षी बदलता येतो. कुजलेला पत्रा बदलायला गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो.

कोलकात्यात पत्र्याचा शत्रू पाणी. हवा बारा महिने दमट आणि मोठ्या पावसात रस्ते गुडघाभर भरतात. २० मे २०२० ला अम्फान वादळ आलं तेव्हा शहरात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते मी आमच्या गच्चीवरून पाहिलं आहे. त्या गाड्यांपैकी काही कधी ना कधी विकायला येणारच. म्हणून आधी ओल शोधायची. सीटबेल्टचं सांगितलंच. शिवाय पायाखालची मॅट उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवा, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, हेडलाइटच्या काचेत आतून धुकं धरलंय का बघा. ओम्नी-इकोचा गंज सरकत्या दरवाजाच्या पट्टीत, चाकांवरच्या कमानीत आणि छताच्या पन्हाळीत सुरू होतो. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. ते पत्र्याला चिकटतं. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. टपावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत दारं लावून बसून राहा. झोपायची गाडी आहे, छत गळून चालणार नाही.

इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलल्याशिवाय दिसत नाही. बघायला जाताना सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा; गरम लागलं तर सकाळची कुरकूर लपवली आहे असं समजा. थंड गाडी सुरू करून धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या टोपणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर कूलंटचं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, तिथून नमस्कार करून निघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर लांबच्या प्रवासाला नको. आमचे चारही टायर बदलावे लागले, आणि ते बोलून दाखवल्यावर किंमत बारा हजारांनी उतरली.

आम्हाला मिळालेली गाडी २०१५ ची, एका निवृत्त गृहस्थांची. रंग उडालेला, बंपरला खोक, सीट फाटलेली. पण मॅटखाली पत्रा कोरडा होता आणि पट्टा तळापर्यंत स्वच्छ. दादा एवढंच म्हणाले, "ही घ्या."

कागद गाडीइतकेच बारकाईने बघावे लागतात. एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, कर्ज देणाऱ्याचं नाव दिसतं. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं नाव उतरवलेलं नसतं. ते काढायला फॉर्म ३५ लागतो, तो विकणाऱ्याकडूनच करून घ्या. चॅसी नंबर नोंदणी पुस्तकाशी स्वतः पडताळा. बंगालमध्ये आणखी एक गोष्ट : इथे खासगी गाडीचा रोड टॅक्स अनेकांनी पाच-पाच वर्षांचा भरलेला असतो. तो कधी संपला, हे न बघता गाडी घेतली तर थकबाकी तुमच्या गळ्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवावी लागते. म्हणून चौदा वर्षांच्या गाडीला त्याच हिशोबाने किंमत द्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. गाडी कोलकात्यात घेऊन महाराष्ट्रात कायमची नेणार असाल तर फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. परराज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवली तर तिथली नोंदणी बंधनकारक आहे आणि तिथला करही.

आता सगळ्यांत जास्त चुका होतात ती जागा : आतली सोय. सीट उपसून टाकायच्या, लाकडी पलंग ठोकायचा, टपाला भोक पाडून पंखा बसवायचा, हे बघायला फार छान वाटतं. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वर्ग कायद्यात आहे. ज्यांना पक्की कॅराव्हॅन करायची आहे त्यांनी आरटीओकडून रीतसर मंजुरी घ्यावी. आमच्या बजेटमध्ये ते बसणारं नव्हतं. म्हणून ठरवलं की गाडीला एकही स्क्रू लावायचा नाही. प्लायच्या दोन पेट्या, त्यांवर घडीच्या फळ्या, त्यावर चार इंची फोमची गादी. गाडी थांबली की मांडायचं, निघण्याआधी आवरायचं आणि पेट्या पट्ट्याने आवळायच्या.

विजेचा हिशोब मी वर्गात मुलांकडून करून घेतला. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी ६००. वीस वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की ३२०, दिवा आणि फोन मिळून ७० धरा. एक रात्र आरामात निघते, आणि दिवसभर गाडी चालली की बॅटरी भरते. बॅटरी बंद प्रकारची घ्या आणि तिच्या अगदी जवळ फ्यूज बसवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गॅसच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही : बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. पाच किलोची टाकी बाहेर काढायची, मागचं दार वर करून त्याच्या सावलीत रांधायचं.

फाटक्या सीटच्या जागी धड सीट आणि दाराची रबरं आम्ही मल्लिकबाजारातून आणली. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळते तिथे जुन्या सुट्या भागांचा हा बाजार भरतो. भिंतीला टेकवलेले दरवाजे, दोरीला लटकणारे आरसे, ऑइलने काळी झालेली फरशी. मी तिथे उभी होते आणि मनात वेगळंच चाललं होतं. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा भीतीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा डिच म्हणतात. तो पुरा झालाच नाही, आणि १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड बांधला. बोस रोड हा त्याच सर्क्युलर रोडचा दक्षिणेकडचा भाग. त्या फौजांनी इथे जे केलं ते बंगाली आयांच्या अंगाईत अजून उरलंय. त्या अंगाईतले बर्गी म्हणजे आपले बारगीर. बारगीर तो, ज्याच्याखालचं घोडं सरकारचं. घोडं स्वतःचं असेल तो शिलेदार. पावणेतीनशे वर्षांनी मी त्याच दिशेला माघारी जाणार होते, आणि माझ्यासाठी सीट निवडून देणारे दादा बंगाली होते. त्यांनी मजुरी घेतली नाही. "आईंना घेऊन या, मग मिठाई द्या," म्हणाले.

निघण्याआधी एक रात्र आम्ही इमारतीच्या आवारातच गाडीत झोपलो. सगळ्यांनी हे करावं. पहिल्या तासात कळलं की खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावल्याशिवाय काच उघडता येत नाही आणि काच बंद ठेवली तर श्वास कोंडतो. रस्त्यावर हे कळलं असतं तर रात्र फुकट गेली असती. घराखाली कळलं, दुसऱ्या दिवशी जाळी शिवून घेतली.

पूजेच्या सुट्टीत अमरावतीला पोचायला तीन दिवस लागले. पहिला मुक्काम संबलपूरला, दुसरा रायपूरच्या पुढे. परतताना आई सोबत होती. संबलपूरजवळ पेट्रोल पंपाच्या आवारात, विचारून, आम्ही गाडी लावली. रात्री जोराचा पाऊस आला. टपावर पाण्याचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना. मी उठून बॅटरीच्या उजेडात छताच्या कडा, दाराची रबरं, पेट्यांखालचा पत्रा चाचपत राहिले. आई कुशीवर वळली आणि म्हणाली, "काय शोधतेस गं? झोप आता." मी बोटं बघितली. कोरडी होती. मग दिवा मालवला.