गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना

सोलापूर–विजयपूर महामार्गावर मंद्रूपच्या आसपास गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रखडावं लागतं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल अशा उष्णतेनेच लवकर खराब होतं. म्हणून ‘आयुष्यभर बदलायला नको’ या आश्वासनावर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ या सदरात दिलेली मुदत पाळा.

आधी गिअरबॉक्सचा प्रकार विचारा. टॉर्क कन्व्हर्टरला एटीएफ लागतं, सीव्हीटीला तिचं वेगळं ऑइल. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यात गिअर ऑइल. तिथे जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ घालू देऊ नका. त्यातल्या रसायनांनी पितळी सिंक्रो रिंगा झिजू शकतात.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत नट खोलून ऑइल काढलं तरी बरंचसं आतच राहतं. तरीही मशीनने दाब देऊन फ्लश करण्यापेक्षा काही अंतराने दोनदा बदलणं मला सुरक्षित वाटतं. काम समोर उभं राहून करून घ्या. ड्रेन नटाच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर चिंता नको. बोटाला टोचणारे कण दिसले तर गिअरबॉक्स तपासूनच घ्या.