थंडी वाजते, भूक लागते

व्याकरणाच्या कसोटीला पूर्ण उतरलेले वाक्यही त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या कानाला खटकू शकते, आणि नेमके काय खटकले हे त्याला सांगता येतेच असे नाही. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या अभ्यासकांनी 1983 मध्ये ज्या दोन कोड्यांचा विचार केला, त्यांपैकी हे एक: एकच आशय सांगणारी कितीतरी वाक्ये व्याकरण घडू देते, पण भाषिक समाज त्यांतली मोजकीच वापरतो. त्यांच्या मते माणूस दर वेळी सुटे शब्द जुळवत बसत नाही, तर तयार वाक्यांश आणि वाक्यांचे साचे मोठ्या संख्येने स्मरणात बाळगतो.

मराठीत याचा प्रत्यय शरीर-मनाच्या अनुभवांबाबत विशेष येतो. असा अनुभव सांगताना तो घेणारा माणूस बहुधा कर्ता राहत नाही. त्याला ‘ला’ हा प्रत्यय लागतो आणि भूक, थंडी, राग हेच कर्त्याच्या जागी बसतात. इथवर नियम पुरतो. पुढे मात्र भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, भीती वाटते, आनंद होतो, आणि या क्रियापदांची वाटेल तशी अदलाबदल केली तर वाक्य व्याकरणात बसूनही बहुधा मराठी उरत नाही. शब्दांच्या अशा रूढ सोबतीला सहप्रयोग म्हणतात. झोपेला तर ‘येते’ आणि ‘लागते’ ही दोन्ही क्रियापदे चालतात. पण झोप येते तेव्हा डोळे जड होतात आणि झोप लागते तेव्हा माणूस खरोखर झोपी गेलेला असतो, हा भेद मराठी घरातले मूल कोणी न शिकवता पाळते.

संयुक्त क्रियापदे याहून अवघड, कारण त्यांतले दुसरे क्रियापद मूळ अर्थ बाजूला ठेवून बोलणाऱ्याचा कल सांगते: ‘सांगून टाकले’ यात सुटका आहे, ‘सांगून ठेवले’ यात पुढची तजवीज, तर ‘सांगून बसला’ यात नको ते घडल्याची चुटपुट. मराठी नव्याने शिकणारा नुसत्या ‘सांगितले’वर निभावतो, चूक काहीच नसते, बोलणे तेवढे सपाट वाटते.

अनुवादित बातम्यांतले ‘मंत्र्यांद्वारे उद्घाटन केले गेले’ हे वाक्यही असेच निर्दोष आणि परके आहे. मराठीत उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते होते. तरीही परकेपणाचे माप सर्वत्र एक नाही. नागपूरकडचे ‘काय करून राहिला?’ पुण्यात चटकन वेगळे जाणवते, पण त्याला अशुद्ध ठरवणे हा प्रमाणभाषेचा तोरा झाला, कारण नागपूरच्या घरात ‘काय करतो आहेस?’ हेच पुस्तकी वाटते.