रिकामी पुंगळी काय सांगते?

गडचिरोलीच्या जंगलात चकमक झाली की बातमीत ‘रिकाम्या पुंगळ्या’ हमखास येतात. पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारे काडतुसाचे कवच, बहुधा पितळेची असते: सुमारे ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त.

गोळी सुटताना पितळ फुगून बंदुकीच्या चेंबरला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसते. तरी मूळ मापापेक्षा किंचित मोठेच राहते. म्हणून परदेशातले नेमबाज पुंगळी पुन्हा भरण्याआधी साच्यात दाबून मापात आणतात. बुडाच्या वर चकचकीत कडे दिसले, तर आतून धातू पातळ झालेला असू शकतो. अशी पुंगळी भंगारात जाते.

तपासात पुंगळीची लांबीही बोलते: इन्सास रायफलची ४५ मिलिमीटर, एसएलआर रायफलची ५१. बुडावरचा फायरिंग पिनचा ठसा नेमकी बंदूक शोधायला मदत करतो.

भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. रानात पुंगळी दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवा.